चिठ्ठी टाकून निवडलेली शंभर माणसं आपल्या पुराचं ठरवतील का?

आयर्विनचा_कठडा

परवा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. २०२१ च्या पुरात वर चढवली होती, ती तशीच पडून होती. खाली आणताना जिन्यातल्या खुणांकडं लक्ष गेलं. सांगलीत गावभागात घर आहे आमचं. २००५ ची खूण वडिलांनी खडूनं केलेली, ती २०१९ च्या पाण्यानं धुऊन नेली. म्हणून २०१९ ची त्यांनी खिळ्यानं कोरली. २०२१ ची माझ्या मुलीनं स्केचपेननं केली, खाली तारीख आणि एक रडका चेहरा काढून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

आता मुद्दा. आयर्लंडमध्ये २०१६ ते २०१८ अशी एक नागरिक सभा भरली होती. ९९ सामान्य माणसं आणि अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश बाई. माणसं निवडून आलेली नव्हती, अर्ज केलेली पण नव्हती. वय, बाई-पुरुष, प्रदेश बघून समाजाचा नमुना म्हणून उचललेली. त्यांच्यापुढं वेगवेगळे विषय ठेवले, त्यातला एक हवामान बदल. तज्ज्ञांचं ऐकलं, गटात बसून चर्चा केली, मतदान केलं आणि १३ शिफारशी दिल्या. कार्बन जास्त सोडणाऱ्या गोष्टींवर जास्त कर भरायची आपली तयारी आहे, असं त्यातल्या ८० टक्के लोकांनी सांगितलं. कुठला पुढारी मतं मागताना असं बोलेल?

माझा प्रश्न असा, की असं सांगली-साताऱ्यात होईल का? आपल्याकडं हवामान बदल म्हणजे पाठ्यपुस्तकातलं अस्वल नाही. इकडं घरात पाणी, आणि त्याच जिल्ह्यात शंभर किलोमीटरच्या आत टँकर. पूररेषेतली घरं हलवायची का, कुणाची आधी, धरणातनं पाणी कधी सोडायचं, हे ठरवताना आजपर्यंत मला कुणी विचारलेलं नाही. तुम्हाला कुणी विचारलंय?

भडंगवाला

सोडतीत नाव निघालं की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. "चिठ्ठीत नाव आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार." खाली चाळीस फोटो.

पांढरा_कोट_काळा_कोट

कठडासाहेब, नवीन काही आणायची गरजच काय? घटनेच्या २४३ व्या कलमात ग्रामसभा आहेच. ७३ वी दुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली. आपल्या राज्याच्या कायद्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा आहेत, त्याआधी महिलांची वेगळी सभा आहे. आयर्लंडला ९९ माणसं चिठ्ठीनं शोधावी लागतात, आपल्याकडं गावातला प्रत्येक मतदार सभासद आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात २०१३ साली १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला. आहे ते वापरा की आधी.

खटावची_लेक

वकीलसाहेब, तुम्ही शेवटची ग्रामसभा कधी बघितली?

मी सांगते आमच्या गावची. सभा सकाळी दहाला. साडेअकराला देवळात सतरा माणसं, त्यातली तीन सावलीला टेकलेली. १५ टक्के किंवा १०० मतदारांची गणपूर्ती लागते, ती होत नाही. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे ज्याला माहीत असायला पाहिजे त्याला बरोब्बर माहीत असतं. मग संध्याकाळी वही घरोघर फिरते. माझ्या आईनं चुलीपुढं बसून सही केलीय, पिठाच्या हातानं. वहीच्या त्या पानावर अजून पिठाचा अंगठा असंल. कशाला सही केलीस म्हणलं, तर म्हणाली, "कसलंतर झाडं लावायचं हाय म्हणं."

महिला सभेला बायका येतात, पण वेळ कुठली ठेवतात बघा. धारेची. म्हैस काय सभा संपायची वाट बघत नाही.

तरी आमच्याकडं एकदा पाचशेच्या वर बायका रांगेत उभ्या राहिलेल्या मी डोळ्यानं बघितल्यात. बाटली आडवी करायच्या मतदानाला. त्या दिवशी त्यांना पक्कं माहीत होतं, की आज आपण शिक्का मारला की उद्या दारूचं दुकान बंद. एवढं एक सोडलं, तर माणसं सभेला का येत नाहीत याचं दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

भडंगवाला

ताई +१. पिठाचा अंगठा म्हणजे खरा बायोमेट्रिक.

ल्योंहून_मिरजकर

सहा वर्षं फ्रान्समध्ये आहे, म्हणून इथलं सांगतो. पेट्रोल-डिझेलवरच्या कराला कंटाळून २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले. ते शमवता शमवता सरकारनं हवामानासाठी नागरिक सभा बसवली. १५० माणसं, फोन नंबर संगणकाकडून काढून निवडलेली. ऑक्टोबर २०१९ ते जून २०२०, शनिवार-रविवार धरून सात बैठका. दिवसाला ८६ युरो भत्ता, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च वेगळा, लेकराला सांभाळायचे पैसे पण. प्रश्न नेमका दिलेला: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन किमान ४० टक्क्यांनी कमी करायचं, पण गरिबाला न चिरडता. त्यांनी १४९ प्रस्ताव दिले.

राष्ट्राध्यक्ष माक्राँ आधी म्हणाले होते, तुमचे प्रस्ताव "गाळणी न लावता" पुढं पाठवीन. झालं काय? तीन त्यांनी तिथल्या तिथं नाकारले. महामार्गावर ताशी ११० ची मर्यादा हा त्यातला एक. बाकीच्यातले कित्येक कायदा होता होता पातळ झाले. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याच १५० जणांना परत बोलावून सरकारला गुण द्यायला सांगितलं, तर त्यांनी दिले दहापैकी ३.३.

आपल्या बोर्डात नापास की हो. ३५ टक्के लागतात.

माणदेशी_लगाम

बघा. सायबाच्या देशात पण तेच. शंभर माणसं गोळा करायची, चहा-बिस्कीट द्यायचं, फोटो काढायचा, अहवाल कपाटात. मी तर म्हणतो ही सगळी वाफ काढायची शिट्टी आहे. कुकर फुटू नये म्हणून.

ल्योंहून_मिरजकर

लगामदादा, अर्धं मान्य. पण आयर्लंडचं उलट झालं. तिथं नागरिक सभेचा अहवाल संसदेच्या समितीनं हातात घेतला, आणि २०३० पर्यंत उत्सर्जनात ५१ टक्के कपातीचा कायदा २०२१ मध्ये झाला. फरक माणसांत नव्हता, पुढच्या टेबलावर कोण बसलंय यात होता.

आणि हो, घोळ तिथंही झाला होता. माणसं शोधायचं काम दिलेल्या कंपनीतल्या एकानं सात जागा ओळखीपाळखीतनं भरल्या. २०१८ मध्ये उघडकीला आल्यावर त्या सातांना काढलं.

भडंगवाला

फक्त सात? आयर्लंडला आमच्याकडं ट्रेनिंगला पाठवा.

गुरुजी_वाई_तालुका

सोडतीवरनं आठवलं. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलदारांसमोर निघते, चिठ्ठी काढायला शाळेतलं लेकरू नेतात. एका वर्षी माझ्या वर्गातली तिसरीची मुलगी नेली होती. टेबलावर प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी, लोणच्याची असते ना तशी. झाकणाला अजून लाल तेलाचा वास. गावांच्या नावाच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. हॉलमध्ये दोनशे माणसं, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी. मुलीनं कोपरापर्यंत हात घातला, ढवळलं आणि चिठ्ठी काढली. एवढी शांतता मी परीक्षेला पण बघितलेली नाही. निकाल ऐकून कुणी डोकं धरलं, कुणी गुलाल आणायला पळालं. पण "चिठ्ठी खोटी" असं एकही माणूस म्हणाला नाही.

तेव्हा सोडत आपल्याला परकी नाही. ग्रामपंचायतीला समसमान मतं पडली तरी चिठ्ठीच टाकतात. भिशीचा नंबर पण चिठ्ठीवरच. आपला नशिबावर विश्वास आहे, माणसाच्या हातावर नाही.

मुलीला मी नंतर विचारलं, भीती वाटली का? म्हणाली, "गुर्जी, हात चिकट झाला."

दगडात_वाचणारा

गुरुजी, मग उत्तरमेरूरचं नाव घ्यायलाच हवं. तमिळनाडूत, कांचीपुरम जिल्ह्यात. चोळ राजा पहिला परांतक याचा इ.स. ९२० च्या सुमाराचा शिलालेख आहे देवळाच्या भिंतीवर. ताडपत्राच्या तुकड्यांवर नावं लिहून घड्यात घालायची आणि लहान मुलानं काढायची. 'कुडवोलै' म्हणतात त्या पद्धतीला. तळ्याच्या देखभालीची वेगळी समिती, बागांची वेगळी. हिशेब न देणाऱ्याला आणि त्याच्या नातेवाइकांना बाद करायचा नियम होता. अकराशे वर्षांपूर्वी!

जतचा_जावई

आणि घड्यात नाव पडायला काय लागायचं तेही सांगा की. जमीन पाहिजे, स्वतःचं घर पाहिजे, वय ३५ ते ७०, आणि वेद यायला पाहिजेत. म्हणजे माझ्या आज्याची चिठ्ठी त्या घड्यात कधीच पडली नसती. लोणच्याची बरणी बरी त्यापेक्षा.

दगडात_वाचणारा

मान्य. निमूटपणे मान्य.

जतचा_जावई

आता मूळ धाग्यावर येतो. कठडाभाऊ, तुमच्या जिन्यावर खुणा आहेत, आमच्याकडं टँकरच्या खेपांची वही आहे. तुमच्याकडं पाणी न बोलावता घरात येतं, आमच्याकडं बोलावून येत नाही. जतच्या पूर्व भागातली पासष्ट गावं म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यासाठी किती वर्षं भांडली. २०२२ मध्ये शेजारच्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी जतवर हक्क सांगितला, तेव्हा कुठं मुंबईला आठवलं की नकाशात जत पण आहे.

तेव्हा शंभर चिठ्ठ्यांत आमच्या किती? लोकसंख्येनं मोजलं तर सांगली-मिरजेचीच भरती होणार. आणि ते हात वर करून सांगणार, पुराचं बघा आधी.

आयर्विनचा_कठडा

जावईबापू, म्हणून तर दोन्ही प्रश्न एकाच सभेत पाहिजेत. पुराचं पाणी दुष्काळी भागात वळवायचा प्रकल्प जागतिक बँकेच्या मदतीनं चाललाय. तुमचा आणि माझा एकच प्रश्न आहे, फक्त दोन टोकांनी धरलेला.

जतचा_जावई

दोरी एक असली तरी ओढणारे दोन असतात भाऊ.

विट्याचा_गलाईवाला_त्रिशूर

नमस्कार मंडळी. सोनं गाळायच्या धंद्यात इकडं केरळात बावीस वर्षं काढली. इथं १९९६ पासून लोकयोजना म्हणून प्रकार चालू झाला. तेव्हा राज्याच्या योजनेचा तिसऱ्या हिश्शाच्या वर पैसा सरळ पंचायतींकडं, आणि कशावर खर्चायचा ते वॉर्डाच्या सभेत. आमच्या दुकानासमोरची मासेवाली आजी सभेला जाते आणि गटाराच्या उतारावरनं इंजिनिअरला झाडते, मला समजेल एवढ्या मल्याळममध्ये.

पण माझी अडचण वेगळी. माझं नाव मतदार यादीत खानापूर तालुक्यात. चिठ्ठी निघाली तर मी येणार कसा? आमच्या गावातले निम्मे तरणे गलाईला बाहेर. तसेच ऊसतोडीवाले, ते सहा महिने आपल्याच शिवारात असतात, पण त्यांची नावं बीडच्या यादीत. पूर आला तर पालात भिजायचं त्यांनी, चिठ्ठी मात्र माझी. यादी कुठली धरायची ते आधी ठरवा.

खटावची_लेक

हा धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. ब्रिटनमध्ये हवामानावरच्या नागरिक सभेसाठी २०१९ च्या शेवटी ३० हजार घरांना पत्रं पाठवली होती म्हणे, मतदार असो नसो. आलेल्या उत्तरांतनं ११० जण निवडले, १०८ टिकले. त्यांनी एक चांगलं केलं. हवामान बदलाची ज्यांना अजिबात काळजी वाटत नाही तेही प्रमाणात घेतले. नाहीतर नुसती आपल्यासारखी धागे काढणारी जमली असती.

तासगाव_थॉमसन

अजून कुणी म्हणालं नाही, पण येणारच आहे ते. "अडाणी शेतकऱ्याला हवामानातलं काय कळतं?" म्हणून आधीच लिहितो.

माझी पावणेतीन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की दावण्या रोग. पहाटे बॅटरी लावून पान उलटं करून बघतो, खाली पांढरी बुरशी दिसली की चार तासांत फवारणी, नाहीतर घड गेला. मोबाइलवर तीन ॲपचा अंदाज बघतो, तिन्ही वेगळे निघाले तर चौथं ॲप म्हणजे आमचा शेजारी. आर्द्रता, पान ओलं राहण्याचे तास, औषधाचा काढणीपूर्व काळ, हे सातवी शिकलेला माणूस इथं तोंडपाठ म्हणतो. कारण त्याचे पैसे त्यात आहेत.

२००१ मध्ये तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यात 'प्रजातीर्पू' म्हणून लोकांची ज्युरी भरली होती. बहुतेक अल्पभूधारक, त्यात दलित बायका जास्त. चार-पाच दिवस तज्ज्ञांना उलटे प्रश्न विचारले आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारच्या 'व्हिजन २०२०' मधल्या शेतीच्या चित्राला नाही म्हणाल्या. यंत्रं आली की आमच्या हाताला काम कुठलं, हा त्यांचा सवाल. कुठल्याही विद्यापीठात टिकेल असा आहे.

माणसाला कळत नाही असं नसतं. त्याला कागद दाखवलेला नसतो.

निवृत्त_पाटकरी

थॉमसन, कागदावरनं बोलतो. तीस वर्षं कालव्यावर काढली. धरणाचं जलाशय परिचालन असतं, म्हणजे कुठल्या तारखेला पातळी किती ठेवायची त्याचा तक्ता. कोयना १०५ टीएमसीचं धरण. जुलैत ते मोकळं ठेवलं तर पुराला जागा राहते. पण पाऊस दगा देऊन गेला, तर उन्हाळ्यात वीज कुठली आणि टेंभू-ताकारी उपसा योजनांना पाणी कुठलं? मोकळं ठेवलं की जतवाला शिव्या देणार, भरलं की सांगलीवाला. हा जुगार दरवर्षी असतो आणि तो चार-पाच अधिकारी बंद खोलीत खेळतात. वाईट माणसं नसतात ती. पण जिंकले तर कुणाला कळत नाही, हरले तर सगळ्यांना कळतं.

माझ्या मते नागरिक सभेला द्यायचा प्रश्न हाच. किती धोका कुणी उचलायचा? हे गणित नाही, हा न्याय आहे. इंजिनिअर पाणी मोजू शकतो, माझ्या घराची किंमत तुमच्या द्राक्षापेक्षा जास्त का कमी हे त्यानं का ठरवायचं?

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचं मुद्दाम बोललो नाही. ५१९.६० मीटर की ५२४.२५६, ते सुरू झालं की धागा चारशे प्रतिसादांवर जाईल.

भडंगवाला

पाटकरी काका, घेतलंत नाव. आता बसा. मी कांदा चिरतो.

माणदेशी_लगाम

अलमट्टी अलमट्टी करत आपण स्वतःची अतिक्रमणं झाकतो. २०१९ च्या पुरावर वडनेरे समितीचा अहवाल आला, त्यानं मुख्य खापर अलमट्टीवर फोडलं नाही, तर लोक समितीवरच उठले. पूररेषेच्या आत प्लॉट पाडले कुणी? विकत घेतले कुणी?

आयर्विनचा_कठडा

घेतले आम्ही. म्हणजे आज्यानं, १९५८ साली, तेव्हा निळी पूररेषा नव्हती. पण लगामदादा, बोलताय ते झोंबलं तरी खरं आहे. माझ्या पलीकडच्या गल्लीत निळ्या रेषेच्या आत नवीन तीन मजली झालंय. वास्तुशांतीला मी जेवूनपण आलोय.

कास_पठारी

साताऱ्याकडनं एक. आमच्या वरच्या अंगाला, चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर, पवनचक्क्या आल्या. हवामानासाठी चांगल्याच, मी विरोधात नाही. पण वडिलांना जमिनीचा व्यवहार कळला तो झाल्यावर. कुठल्या तरी मध्यस्थानं सह्या घेतल्या. आता रात्री पात्यांचा आवाज घुंई घुंई चालू असतो आणि मावशीच्या वाडीत तेव्हा लाइट नव्हती, पंचवीस पावलांवर पवनचक्की आणि घरात चिमणी.

उलट पाटण तालुक्यातच मान्याची वाडी बघा. छोटीशी वाडी, सगळी घरं सौर विजेवर, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून नाव झालं. ऊन तेच, वारा तोच. एका ठिकाणी लोकांना धरून केलं, एका ठिकाणी लोकांना सोडून.

दगडात_वाचणारा

सातारा म्हटल्यावर प्रतिसरकार कसं विसरता? १९४३ ते ४६, नाना पाटलांच्या काळात गावोगाव न्यायदान मंडळं होती. जमिनीचे तंटे, सावकारी, सगळं तिथं मिटायचं, तेही...

संपादक

दगडात_वाचणारा, प्रतिसरकारावर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल. इथं नागरिक सभेवरच बोलू. आणि अलमट्टीवरचे सहा प्रतिसाद उडवलेत.

भडंगवाला

कांदा वाया गेला.

पांढरा_कोट_काळा_कोट

पहिल्या प्रतिसादात मी ग्रामसभा पुरेशी आहे म्हणालो होतो. खटावची_लेक यांच्या पिठाच्या अंगठ्यानंतर थोडं मागं येतो. ग्रामसभा एका गावाची. कृष्णेचा प्रश्न पाच-सहा तालुक्यांचा, दोन राज्यांचा. त्याला ग्रामसभा पुरत नाही, आणि विधानसभेत जतचा आमदार जतचं बोलणार, सांगलीचा सांगलीचं. दोघं एका टेबलावर बसून चार दिवस एकमेकांचं ऐकतात अशी जागा कायद्यात आज नाही. पण बंदी पण नाही. जिल्हाधिकारी उद्या बसवू शकतात. फक्त एक अट आधीच लेखी घ्यावी: शिफारस नाकारली तर का नाकारली ते साठ दिवसांत जाहीर कारणासह सांगायचं. माक्राँछाप तोंडी वचन नको.

जतचा_जावई

आणि चिठ्ठ्या तालुक्याला समान. आणि बैठक एकदा सांगलीत, एकदा आमच्या जतकडच्या संखला. मे महिन्यात. एसी नसलेल्या हॉलमध्ये. सांगलीकरांनी पाण्याची बाटली घरनं आणायची.

खटावची_लेक

आणि रोजगार द्यायचा, बायकांना धारेला सोडायचं.

आयर्विनचा_कठडा

जिल्हाधिकाऱ्यांचं बघू तेव्हा बघू. मी जरा छोटं सुरू करतो. आमच्या गल्ल्या मिळून दीडशे-पावणेदोनशे घरं. पूर आला की कुणाला आधी बाहेर काढायचं, बोट कुठं लावायची, जनावरं कुठं न्यायची, यावर २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा भर पाण्यात भांडणं झाली. तरण्यांनी आपापल्या घरच्यांना आधी काढलं, मागच्या खोलीतल्या भाडेकरूंकडं शेवटी लक्ष गेलं. यंदा मृगाच्या आधी बारा घरं चिठ्ठीनं काढायची, भाडेकरू धरून, आणि तीन रविवार बसवायचं. ठरलं ते लिहून मारुतीच्या देवळात लावायचं. मुलीला विचारलं चिठ्ठी काढशील का, तर म्हणाली मी आता कॉलेजला आहे पप्पा, लहान पोर बघा कुठलं तरी.

पाटकरी काका, तुम्ही पहिल्या रविवारी येऊन तो तक्ता समजावून सांगाल का?

निवृत्त_पाटकरी

येतो. पण वर्गणी काढून हॉल घेऊ नका, देवळातच बसू. आणि ज्याचं तीन मजली झालंय त्याची पण चिठ्ठी घाला.

माणदेशी_लगाम

तिसऱ्या रविवारनंतर इथं येऊन लिहा, बारापैकी किती उरले ते. मी पाच म्हणतो.

जतचा_जावई

मी सात.

भडंगवाला

मी बघायला येतो, पाच किलो भडंग घेऊन. बरणी पण माझ्याकडनं, लोणच्याची नाही, धुतलेली.

गुरुजी_वाई_तालुका

धुवू नका हो. त्या वासावर लोकांचा विश्वास आहे.